हेडमास्तरासकट व्हय म्हाराजा

॥ श्री रवळनाथ प्रसन्न ॥

भांडुप, खोली नंबर २१७
(हा नंबर नवा आहे, त्याची हकिगत पुढे येईल.)
माघ शुद्ध दशमी, शके १९०७

ती. सौ. रत्नप्रभाताईंस,

धाकटी जाऊ नलिनी हिने पायांवर डोकं ठेवलं आहे असं समजावं. थोरल्या भावजींना नमस्कार, मुलांच्या पाठीवरून हात. तुमच्या गुडघ्याचं कसं काय? एरंडाचं पान बांधता की नुसतं 'बांधते बांधते' म्हणता? तांबडी गाय व्याली का, पाडा की पाडी तेही कळवा. इकडे देवाच्या कृपेने सर्वांचं बरं आहे. यांचा खोकला गेला, सुलक्षणाची दहावी जवळ आली आणि मामंजींच्या डोळ्याला आता इतकं लख्ख दिसतं की परवा त्यांनी माझ्या आमटीतला खडा जेवायला बसण्याआधीच दाखवला.

आधी सामानाची पोच देते. मामंजी सुखरूप आल्याचं कार्ड यांनी कार्तिकातच टाकलं होतं, पण त्यात सामानाचा एका अक्षराने उल्लेख नव्हता, हे मला परवा कळलं. (पुरुषांनी लिहिलेली कार्डं अशीच. 'पोचलो, ठीक, आशीर्वाद', आणि उरलेली जागा कोरी. कार्डाचे पैसे मात्र पूर्ण.) तर मिळालं ते असं. आमसुलांची बरणी एक. कुळथाचं पीठ. उकडे तांदूळ, गोणपाट घट्ट शिवलेलं होतं, छान. सुके बांगडे, पुडा फुटलेला. नारळ नऊ. तांबड्या फडक्यात बांधलेला देवाचा नारळ वेगळा. आणि मामंजी. परळच्या डेपोत हमालाला तीन रुपये दिले (पाच मागत होता, मामंजींनी त्याचं गाव विचारलं, ते देवगडकडचं निघालं, म्हणून तीन). भांडुप स्टेशनापासून रिक्षा डोंगराच्या पायथ्यापर्यंत येते, तिचे सव्वाचार. आमसुलांच्या बरणीचं झाकण वाटेत सैल झाल्याने मामंजींचं एक धोतर कायमचं आमसुली झालं, ते खर्चात धरलेलं नाही, कारण ते तेच नेसून बसतात आणि म्हणतात रंग झकास आलाय.

आता हे पत्र मी कसं लिहितेय ते सांगते, म्हणजे मधेमधे काही विचित्र आढळलं तर समजून घ्याल. मामंजी समोर खाटेवर बसलेत. गावाला जाणारं अक्षर न् अक्षर त्यांना वाचून दाखवायचं असं ठरलं आहे. शिमग्याला आपल्याला न्यायला थोरल्या भावजींनी यावं, हे या पत्रात ठळक लिहायचं, असं त्यांनी सकाळपासून तीनदा बजावलंय. तर ठळक लिहिते. मामंजींना शिमग्याला गावी यायचं आहे. मानकऱ्याशिवाय पालखी बाहेर पडत नाही, आणि मधल्या बाळ भावोजींना देवापुढे गाऱ्हाणं घालता येत नाही. (हे शेवटचं मामंजींचं. ते म्हणतात, बाळचा आवाज तुळशीपर्यंत पोचतो आणि तिथेच बसतो.) खरं म्हणाल तर माझीही ना नाही. नेलंत तर बरंच. या म्हाताऱ्या माणसाने इकडे काय करून ठेवलंय ते वाचलंत म्हणजे तुम्हीच म्हणाल, धाकटीने एवढे दिवस सोसलं तरी कसं.

झालं असं की डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं, जाड भिंगाचा चष्मा आला, आणि पुढे काय करायचं हे कोणालाच सुचेना. गावात मामंजी नुसते खाकरले तरी तीन माणसं ओटीवर येऊन उभी राहतात. कोणाची म्हैस आटली, कोणाचा लेक रुसला, कोणाच्या बांधावरून भांडण झालं, सगळं त्यांच्याकडे. इथे खाकरले तर शेजारची मालन खोकल्याची गोळी आणून देते. पाण्याच्या रांगेत बायकांची जुंपली तेव्हा ते मिटवायला गेले, तर एकीने त्यांच्याच हातात कळशी देऊन रांगेत उभं केलं. परत आले ते खाटेवर आडवे झाले. मी म्हटलं मामंजी, बरं वाटत नाही का? तर म्हणाले, "बरा हां गो. पण माका कोण काय इचारीत नाय, तेचा काय करू?" त्यानंतर दोन दिवस जेवण अर्धं. (हे लिहू नको म्हणतायत. लिहून झालं, आता खोडलं तर कागद खराब होईल.)

आता शाळेकडे वळते. सुलक्षणाची शाळा डोंगराच्या पायथ्याशी आहे, पत्र्याची, पण शिस्तीची. गिरणीचा संप झाल्यापासून आपल्याकडची बरीच माणसं इथे वर चढून राहायला आली. कोणी वॉचमन झाला, कोणी रिक्षा घेतली, हे स्वतः काचेच्या कारखान्यात स्टोअरला लागले. त्यामुळे शाळेत निम्मी पोरं मालवण-कुडाळकडची, थोडी भांडुप गावातल्या कोळ्यांची, बाकी इकडची तिकडची. हेडसर वऱ्हाडातले. माणूस फार मनाचा, पण कोकणातलं त्यांना आंबा आणि काजू याखेरीज काही ठाऊक नाही. यंदा शाळेने पुष्कळ केलं. मुलींची खो-खोची टीम जिल्ह्यात दुसरी आली. एका मुलाचं चित्र थेट दिल्लीला गेलं (परत आलं नाही, तेच बक्षीस असं समजतात). आणि दहावीच्या मुलांनी दिवाळीच्या सुट्टीत डोंगरावरच्या सगळ्या खोल्यांना नंबर घातले. सुलक्षणा त्यांची म्होरकी होती.

हे नंबराचं काम साधं नव्हतं ताई. इथे आजवर पत्ता असा असायचा, 'डोंगरावर, पिंपळाच्या वर, दत्ताराम गिरणीवाला'. पोस्टमन पिंपळाखाली बसून हाका मारायचा. नोकरीची पत्रं, मनिऑर्डरी, वारल्याची कार्डं सगळी पिंपळाला अडकायची. पोरांनी डब्यात ऑइलपेंट घेतलं आणि दारोदार चढली. एका म्हातारीने नंबर लावू दिला नाही, तिला वाटलं पालिका घर पाडणार. एकीला नव्याण्णव आला तर ती म्हणाली शंभर द्या, एकाने काय होतंय. चारशे वीस तर कोणी घेईचना. तीन घरांनी हाकललं, चौथ्याने पोरांच्या अंगावर पाणी टाकलं. शेवटी चारशे वीस नंबर पाण्याच्या टाकीला दिला. तिला तरी काय, पाणी वेळेवर येत नाहीच, शोभतो तिला. पण आता पत्र दारात येतं. तुमचं मागचं पत्र पहिल्यांदा सरळ माझ्या हातात पडलं, तेव्हा मी ते आधी देवापुढे ठेवलं आणि मग फोडलं. म्हणून वर २१७ लिहिलंय. पुढच्या वेळी पाकिटावर आठवणीने घाला, नाहीतर सुलक्षणाला वाईट वाटेल.

तर हेडसरांनी ठरवलं, या सगळ्या पोरांचा गुणगौरव करायचा, सव्वीस जानेवारीला संध्याकाळी, शाळेच्या मैदानात, आणि सगळ्या डोंगराने त्यात हात लावायचा. मंडप रिक्षावाल्यांनी उभारला. भांडुप गावातल्या सखुबाई कोळणीने (तिची माणिक सुलक्षणाच्या वर्गात आहे) बाजारातल्या बायकांकडून फुलं गोळा केली, त्यांना थोडा वास होता पण भाव चांगला होता. माझ्यावर सोपवले चहा आणि नारळ. गेल्या वर्षी सरस्वतीपूजनाच्या वर्गणीतला उरलेला सव्वा रुपया मी परत केला होता, तेव्हापासून शाळेत माझी ख्याती आहे. प्रमुख पाहुणे म्हणून औषधाच्या एका कंपनीतले मोठे साहेब येणार होते. त्यांना द्यायला शाल आणि श्रीफळ.

मी विचार केला, बाजारातून नारळ कशाला? तुम्ही पाठवलेले घरात आहेत, फोडायचे राहिलेत, पोरांच्या कौतुकाला गावचे नारळ लागले तर पुण्यच आहे. समारंभाच्या दिवशी मी चहाच्या पातेल्याबरोबर आधी खाली उतरले आणि यांना सांगून गेले, घरातले सगळे नारळ पिशवीत भरा आणि घेऊन या. आता ताई, तुमचा धाकटा दीर कसा आहे ते तुम्ही मी येण्याआधीपासून ओळखता. कारखान्यात स्टोअर सांभाळतात. 'सगळे' म्हणजे सगळे. त्यांनी फळीवरचे भरले, कोयत्याजवळचा भरला, आणि नंतर देव्हाऱ्यातून तांबड्या फडक्यातला देवाचा नारळही भरला. मी नंतर विचारलं, अहो, तो देव्हाऱ्यात होता ना? तर म्हणतात, देव्हारा घरातच आहे ना?

हा नारळ तुम्ही रवळनाथाच्या पायाशी ठेवून पाठवलेला. मामंजींना नीट दिसू लागलं की गाऱ्हाणं घालून घरीच वाढवायचा, असं तुम्हीच सांगितलं होतं. मी चांगला दिवस बघत होते. (मामंजी म्हणतात, मी दोन महिने बघत होते. एकादशी, संकष्टी, अमावास्या सोडून दिवस मिळायला नको का?) आणि तो नारळ जाऊन पडला हेडसरांच्या हातात. त्या भल्या माणसाला वाटलं, एकच नारळ कापडात बांधून सजवलेला आहे, म्हणजे हा पाहुण्यांचा. त्यांनी तो कौतुकाने ताटात शालीवर ठेवला, मधोमध, सगळ्यांना दिसेल असा.

साहेब येईनात. बायकापोरं दाटीने बसलेली, मागे भिंतीवर पोरं चढलेली, खो-खोच्या मुली गणवेश चुरगळेल म्हणून उभ्याच. हेडसरांनी प्रास्ताविक केलं, मग पुन्हा केलं. एका बाईंनी स्वागतगीत बसवलं होतं, ते पाहुण्यांशिवायच दोनदा होऊन गेलं. मी मागे चहा दुसऱ्यांदा तापवत होते. मामंजी पहिल्या रांगेत, आमसुली धोतर, जाड चष्मा. लांबचं नीट दिसण्याचा त्यांचा तो पहिलाच प्रसंग. आणि लांबचं पहिलं काय दिसावं, तर ताटातला देवाचा नारळ.

त्यांनी मला हाक मारली ती अशी की अर्धी सभा वळली. तो नारळ तिथे कशाला म्हणून विचारलं. मी पाहिलं आणि माझ्या हातातली गाळणी खाली पडली. मी म्हटलं, मामंजी, चूक झाली, हळूच बदलून आणते. तर म्हणाले, "आता उचलूचो नाय. देवाचो नारळ चार मानसांत मांडलो, म्हणजे देव येवन बसलो. तेच्याशी कोणीतरी बोलूक होया. नायतर तो उठतलो कसो?" आपल्याकडची रीत तुम्हाला मी सांगायला नको. पण ती मंडपात इतरांना कोण सांगणार? तो नारळ एखाद्या साहेबाच्या हातात देणं म्हणजे देवाचं ताट माणसाला वाढण्यासारखं. मी देवाला मनातल्या मनात पाच वाती बोलले (तुपाच्या म्हणणार होते, तेलाच्या म्हटलं). तोवर मामंजी काठी टेकत स्टेजवर चढलेसुद्धा.

हेडसरांना वाटलं, पालकांपैकी कोणी ज्येष्ठ दोन शब्द बोलणार. वेळ तर काढायचाच होता. त्यांनी आनंदाने माइक पुढे केला. मामंजींनी तो बघितला आणि बाजूला सारला. ज्यांचा आवाज खाडीपलीकडे जातो त्यांना त्या दांडक्याचं काय? हेडसर मात्र दुसरा माइक धरून शेजारी उभे राहिले, नम्रपणे. मामंजींनी उपरणं खांद्यावर घेतलं, नारळाकडे तोंड केलं आणि सुरुवात केली. "बा देवा रवळनाथा, म्हाराजा! आज ह्या भांडुपाच्या डोंगरार तुझी लेकरां जमली हत, म्हाराजा!"

आणि ताई, सगळं मैदान, जे इतका वेळ चुळबुळत होतं, एका तोंडाने म्हणालं, "व्हय म्हाराजा!" कोणी सांगितलं नाही, कोणी खूण केली नाही. रिक्षावाले, वॉचमन, पाण्याच्या रांगेतल्या त्या भांडकुदळ बायका, सगळ्यांच्या आतून आलं. माझ्याही. गिरणी बंद झाल्यापासून यांना मी इतक्या मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं.

मग मामंजींना सूर सापडला. सुलक्षणा स्टेजच्या कडेला बक्षिसांची यादी घेऊन उभी होती, ती हळूच नाव सांगायची आणि मामंजी ते देवाला पोचवायचे. खो-खोच्या पोरींच्या पायांत असंच वारं राहू दे, व्हय म्हाराजा. चित्र काढणाऱ्याच्या हाताला यश दे आणि दिल्लीवाल्यांना चित्र परत पाठवायची बुद्धी दे, व्हय म्हाराजा. नंबर घालणाऱ्या पोरांच्या पायात काटा मोडू नको, ज्यांनी पाणी टाकलं त्यांना क्षमा कर, व्हय म्हाराजा. (हे म्हणताना पाणी टाकणाराही म्हणाला.) शिपायाच्या लेकीचं जमू दे, हेडमास्तरांचा दमा जाऊ दे. चारशे वीसच्या टाकीला वेळेवर पाणी येऊ दे म्हटल्यावर तर असा आवाज उठला की स्टेशनावरची माणसं थांबली म्हणतात. हेडसर तिसऱ्या वाक्यापासून सगळ्यांबरोबर म्हणू लागले होते, आणि त्यांच्या हातात माइक होता, त्यामुळे सगळ्यांत मोठं 'व्हय म्हाराजा' त्यांचंच. वऱ्हाडी माणूस एकदा रंगला की मागे हटत नाही.

यादी संपली. मला वाटलं झालं. पण मामंजी थांबले, चष्मा पुसला, आणि मागे भिंतीवर बसलेल्या पोरांकडे बघितलं, जी नुसती टाळ्या वाजवायला आली होती. आणि म्हणाले, "आणि ज्यांका आज काय एक गावला नाय, तीव तुझीच लेकरां. तेंच्या पाठीर तुझो हात ठेय, म्हाराजा." मग भिंतीवरून एकट्या सखुबाईच्या माणिकचा आवाज आला, व्हय म्हाराजा. पहाटे आईबरोबर बाजारात जाते आणि वर्गात झोपते, म्हणून सरांची बोलणी खाणारी पोर ती. तिच्यामागून सगळी भिंत म्हणाली. मला चहाचा धूर डोळ्यांत गेला.

इथे थांबले असते तर सगळं सुखाने पार पडलं असतं. पण मामंजींना थांबवणार कोण? गाऱ्हाणं म्हटलं की शेवटी नवसाचं बोलणं बोलावं लागतंच. त्यांनी हात वर केले आणि म्हणाले, "धावीची सगळी पोरां पास झाली, एकव मागे रवला नाय, तर ही सगळी मंडळी, हेडमास्तरासकट, तुझ्या पायाकडे नारळ घेवन येतली, म्हाराजा!" आणि सगळ्या भांडुपने, हेडमास्तरासकट, माइकवरून, म्हटलं, व्हय म्हाराजा.

नेमके याच वेळी साहेब आले. मंडपाच्या दाराशी पाऊल टाकतात तो एवढी मोठी गर्जना. त्यांना वाटलं आपलंच स्वागत आहे. त्यांनी हात जोडले, मान लववली, आणि पुढे येऊ लागले. पण तोवर मामंजींनी स्टेजच्या पायरीवर नारळ वाढवला होता, आणि एकदा नारळ फुटला की माणसं उठतात, हे तर रीतीचंच. साहेब स्टेजकडे निघाले आणि सगळी सभा प्रसादाच्या रांगेत. त्यांचं भाषण मी आणि यांनी ऐकलं, बरं होतं. साध्या नारळाबरोबर शाल दिली. (फळीवरचाच, पाणी भरपूर होतं.) बक्षिसं वाटली, सुलक्षणाला स्टीलचा डबा मिळाला, झाकण घट्ट आहे. निघताना साहेबांनी मामंजींना बाजूला घेतलं आणि कानात काही सांगितलं. मामंजींनी मला ते सांगितलं नाही, पण 'तुमचा नाव तेवढा सांगा, गाऱ्हाणा घालतंय' असं म्हणताना मी ऐकलं. बदलीचं असावं.

दुसऱ्या दिवशी हेडसर आमच्या खोलीवर आले. नंबरामुळे लगेच सापडली. अत्यंत अदबीने विचारलं, काल मी नेमकं कशाला हो म्हणालो? यांनी समजावून सांगितलं. सगळे पास झाले तर सगळी शाळा, पालकांसह, आमच्या गावी. हेडसर खाटेवर बसले. मग हसले. म्हणाले, मग हरकत नाही, या शाळेचा दहावीचा अख्खा वर्ग आजवर कधी पास झालेला नाही. मामंजी म्हणाले, "तुमी देवाक सांगितल्यात, मास्तर. आता मागे कसा जातालात?" हेडसरांचं हसू तिथेच राहिलं. त्या दिवसापासून बिचाऱ्यांची मोठी पंचाईत आहे. हेडमास्तर म्हणून सगळे पास व्हावेत असं वाटतं, आणि एस्टीच्या भाड्याचा विचार आला की एखादा राहिला तरी चालेल असं वाटतं, आणि असं वाटलं म्हणून मग संध्याकाळी येऊन मामंजींच्या पाया पडतात.

त्यात पोरं पेटली आहेत. त्यांना समुद्र, फणस आणि पालखी बघायची आहे. रोज दिवेलागणीला सगळा दहावीचा वर्ग आमच्या खोलीपुढे. आत दहा, ओट्यावर वीस, उरलेली मालनच्या दारात. मामंजींना अक्षर ओळखू येत नाही, पण ते एकेकाला पुढे बोलावून विचारतात, अभ्यास झाला? पोरगं म्हणतं झाला. मामंजी म्हणतात, मग देवाला सांगू का? की पोरगं खाली मान घालून परत जाऊन वाचायला बसतं. हेडसर म्हणतात, वीस वर्षांत छडीने जे झालं नाही ते हे. इंग्रजी शिकवायला तेच येऊन बसतात. माणिक अजून गणितात डळमळते, म्हणून तिला मधे बसवतात आणि झोप लागली की चौघं मिळून हलवतात. सखुबाई फी म्हणून मासळी आणते, आणि नेमकी गुरुवारी, जेव्हा माझ्याकडे चूलसुद्धा दत्ताचं नाव घेते. फुकटचे ताजे बांगडे दारात आणि मी हात जोडून उभी. देवाने माझी याहून मोठी परीक्षा घेतलेली नाही. दिवा रात्री उशिरापर्यंत जळतो. चहा किती लागतो ते मी लिहीत नाही, तुम्हाला झोप येणार नाही. गेल्या आठवड्यात पाण्याच्या रांगेत भांडण झालं तर त्या बायका आधी मामंजींकडे आल्या.

तर हे असं आहे ताई. मामंजींना विश्रांती म्हणून नाही, आम्हाला जागा म्हणून नाही. शिमगा आणि पोरांची परीक्षा नेमकी एकाच वेळी आली आहे, पण मानकऱ्याने मानाला चुकू नये, हे मामंजींचं म्हणणं बरोबरच आहे. थोरल्या भावजींनी होळीच्या आठ दिवस आधी यावं. सर्वांना यथायोग्य.

तुमची धाकटी जाऊ,
नलिनी

ता. क. आमसुलांची बरणी धुऊन ठेवली आहे, भावजींबरोबर परत पाठवीन. झाकण मात्र नवं पाठवा.

ता. क. दुसरा. हेडसरांनी काल सहज विचारलं, गावात दीडशे माणसांच्या जेवणाला पुरतील एवढी भांडी देवळात असतात का. सहजच, म्हणाले. पण तांदूळ जरा जास्तीचे भरडून ठेवायला हरकत नाही.

ता. क. तिसरा. वरचं सगळं पत्र, बरणीसकट, मामंजींना वाचून दाखवलं. त्यांनी 'ठीक' म्हटलं आणि भिंतीकडे तोंड करून निजले. इथून पुढचं वाचून दाखवलेलं नाही, तुम्हीही मोठ्याने वाचू नका.

ताई, भावजींना पाठवू नका. मामंजी आपल्या तोंडाने कधी राहतो म्हणणार नाहीत, त्यांच्या मानाचा प्रश्न आहे. पण काल पोरांनी विचारलं, आजोबा, परीक्षेला जाताना तुमच्या पाया पडून जायचं ना? तर ते चष्मा काढून पुसतच बसले. जेवणही पुन्हा अर्धं केलंय. माणसाचं ते ऐकणार नाहीत, देवाचं ऐकतील. म्हणून गुरवाकडून देवाच्या अंगाला कळ्या लावून कौल घ्या. प्रश्न मात्र जपून विचारा. 'म्हाताऱ्याला शिमग्याला आणू का' असं विचारू नका, देव लगेच हो म्हणेल, त्यालाही करमत नसणार. 'देवा, तुझी लेकरं तिकडे अडलीत, तुझ्या मानकऱ्याला निकालापर्यंत त्यांच्यापाशी राहू दे का' असं विचारा. निकालानंतर ते रिकाम्या हाताने येणार नाहीत, सगळं भांडुप घेऊन येतील, हेही देवाच्या कानावर घाला. उजवी कळी पडली, देवाने हो म्हटलं, की तेवढंच कार्डावर लिहा, मोठ्या अक्षरात, मी ते सगळ्या पोरांसमोर वाचीन. डावी पडली तर गुरवाला म्हणावं, कळी नीट ओली नव्हती, पुन्हा लाव. देवाला फसवायचं नाही, फक्त त्याला विचार करायला वेळ द्यायचा. आणि बाळ भावोजींना आजपासून खाडीवर जाऊन ओरडायची सवय करायला सांगा, यंदाचं गाऱ्हाणं त्यांनाच घालायचं आहे. कौलाचा नारळ घरचाच घ्या, बाजारचा नको. कळी कुठली पडली ते उलट टपाली कळवा, पत्त्यावर २१७ घालून.